स्ट्रट्स १.३ वरील अ‍ॅप्लिकेशन जकार्ता ईई १० वर नेताना जोडणी नेमकी कुठे करावी?

महापे येथील तुमच्या चमूचा प्रश्न थोडक्यात असा आहे. न्हावा शेवा बंदराच्या आधाराने चालणाऱ्या एका कंटेनर यार्डाचे अ‍ॅप्लिकेशन तुमच्याकडे देखभालीसाठी आहे. गेट-पास, कंटेनरची आवक-जावक आणि बिलिंग हे सर्व स्ट्रट्स १.३ (जावातील वेब अ‍ॅप्लिकेशन्सचे जुने फ्रेमवर्क), जेएसपी (वेब पाने तयार करणाऱ्या फाइल्स) आणि जुन्या हायबरनेटवर (डेटाबेसशी व्यवहार करणारी लायब्ररी) उभे आहे. सुरक्षा तपासणीनंतर ग्राहकाने जकार्ता ईई १० या जावा सर्व्हर अ‍ॅप्लिकेशन्सच्या मानकाचा आग्रह धरला आहे. मात्र यार्डाचे गेट चोवीस तास चालू असते आणि गेट-पासचा स्क्रीन अडला की बाहेर ट्रेलरची रांग लागते, त्यामुळे संपूर्ण पुनर्लेखनाला ग्राहक तयार नाही. अशा वेळी जुने फ्रेमवर्क आणि नवे मानक एकाच अ‍ॅप्लिकेशनमध्ये कसे नांदवावे, असे तुम्ही विचारले आहे.

ठाणे आणि नवी मुंबई परिसरात अशा अ‍ॅप्लिकेशन्सच्या स्थलांतराचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. त्या आधारावर माझे मत आधी मांडतो आणि मग तपशिलाकडे वळतो. जोडणी एकाच जागी करावी, आणि ती जागा म्हणजे अ‍ॅक्शन क्लासचे (स्ट्रट्समध्ये एखादी विनंती हाताळणारा क्लास) ऑब्जेक्ट जिथे तयार होते ते ठिकाण. जोडणी एकाच दिशेची असावी. जुन्या कोडने नव्याला हाक मारावी, नव्या कोडला जुन्याचे नावही ठाऊक नसावे. तिसरी गोष्ट म्हणजे रचनेतला बदल आणि पॅकेजच्या नावांतला बदल हे दोन्ही एका वेळी कधीही करू नयेत. यांपैकी तिसरी अट लोक सर्वांत सहज मोडतात, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

जकार्ता ईई ९ मध्ये, म्हणजे २०२० च्या अखेरीस, सर्व्हलेटपासून पर्सिस्टन्सपर्यंतच्या सर्व मानकांची पॅकेजेस ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ या नावाने सुरू होऊ लागली. त्याआधीच्या जकार्ता ईई ८ मध्ये नावे जुनीच होती. तुमचे अ‍ॅप्लिकेशन आज ज्या सर्व्हरवर आहे तिथून थेट जकार्ता ईई १० वर उडी मारली, तर नावे, जावाची आवृत्ती, हायबरनेट आणि सर्व्हर या चारही गोष्टी एकाच वेळी बदलतात आणि एखादा स्क्रीन बंद पडला तर दोष कोणाचा हे शोधता येत नाही. म्हणून मधला मुक्काम घ्यावा. वाइल्डफ्लाय या अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरची २६ ही जुन्या नावांसह ईई ८ देणारी शेवटची मालिका आहे आणि ती जावा ८, ११ व १७ या तिन्हींवर चालते. २७ पासून वाइल्डफ्लाय जकार्ता ईई १० वर गेला. आधी २६ वर या, तिथेच जावा ११ किंवा १७ घ्या, तिथेच जोडणी उभारा, उत्पादनात ती चालू द्या, आणि नावांचा बदल त्यानंतर स्वतंत्रपणे करा. व्यवस्थापनाला हा फेरा वाटतो, पण प्रत्येक टप्प्यावर मागे येण्याची वाट उघडी राहते आणि चोवीस तास चालणाऱ्या गेटसाठी मला तीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

जावा ११ वर येताना जेएएक्सबी (एक्सएमएल वाचण्या-लिहिण्याची लायब्ररी), अ‍ॅक्टिव्हेशन आणि पोस्टकन्स्ट्रक्टसारखी अ‍ॅनोटेशन्स जेडीकेमधून (जावाच्या मूळ संचातून) काढलेली आढळतील. त्यांच्या स्वतंत्र लायब्ररी उपलब्ध आहेत, त्यामुळे हे काम कंटाळवाणे असले तरी अवघड नाही.

आता मुख्य जोडणी. स्ट्रट्स १ मध्ये रिक्वेस्टप्रोसेसर हा क्लास प्रत्येक विनंतीसाठी कॉन्फिगरेशनमधून अ‍ॅक्शनच्या क्लासचे नाव वाचतो, त्या नावाचे ऑब्जेक्ट आपल्या मॅपमध्ये आहे का ते पाहतो आणि नसेल तर तयार करून ठेवतो. हे काम ‘प्रोसेसअ‍ॅक्शनक्रिएट’ या एका मेथडमध्ये होते. म्हणजे संपूर्ण फ्रेमवर्कमध्ये ऑब्जेक्टच्या जन्माची जागा एकच आहे, आणि हीच आपली जागा. रिक्वेस्टप्रोसेसरचा उपवर्ग करून ही मेथड अशी लिहावी की ती आधी सीडीआय कंटेनरकडे (ऑब्जेक्ट तयार करून एकमेकांना पुरवणारी मानकातली यंत्रणा) त्या क्लासचे बीन, म्हणजे कंटेनरने सांभाळलेले ऑब्जेक्ट, मागेल आणि तिथे मिळाले नाही तरच मूळ पद्धतीने ऑब्जेक्ट तयार करेल. ही कल्पना माझी नाही. स्प्रिंगने स्ट्रट्स १ साठी नेमकी अशीच सोय दिली होती, ती स्प्रिंग ३.० मध्ये कालबाह्य ठरवली गेली आणि ४.० मध्ये काढून टाकली. तुम्हाला तीच सोय मानकाच्या बाजूने, स्वतःच्या थोड्या ओळींत लिहायची आहे.

या थोड्या ओळींत काळजी घेण्यासारखे मात्र बरेच आहे. स्ट्रट्स १.३ मूळ स्वरूपात जुना रिक्वेस्टप्रोसेसर वापरत नाही, तो कॉमन्स चेनवर आधारलेला प्रोसेसर वापरतो आणि त्यात ‘क्रिएटअ‍ॅक्शन’ नावाची वेगळी कडी असते. त्यामुळे एकतर त्या कडीचा उपवर्ग करावा किंवा कंट्रोलरच्या कॉन्फिगरेशनमध्ये जुना प्रोसेसर स्पष्टपणे नेमावा. टाइल्स (पानांचे लेआउट जोडणारी लायब्ररी) वापरत असाल तर उपवर्ग टाइल्सच्या प्रोसेसरचा असायला हवा, नाहीतर लेआउट गायब होतील. तसेच ऑब्जेक्ट सीडीआयकडून घेतल्यावर त्यावर ‘सेटसर्व्हलेट’ ही मेथड आपणच बोलवावी लागते, कारण मूळ मेथड ते काम शांतपणे करत असते. ते राहून गेले तर अ‍ॅक्शन चालते, पण सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट मागणारा कोड पुढे कुठेतरी कोसळतो.

अ‍ॅक्शन क्लासला कोणता स्कोप (ऑब्जेक्टच्या आयुष्याची मर्यादा) द्यावा, याबद्दल मी डिपेंडंट स्कोपचा, म्हणजे मागणाऱ्याच्या आयुष्याशी बांधलेल्या ऑब्जेक्टचा, आग्रह धरतो. स्ट्रट्समध्ये एका क्लासचे एकच ऑब्जेक्ट सर्व विनंत्यांसाठी वापरले जाते; प्रोसेसरचा मॅप ते सांभाळतो, तेव्हा ती पद्धत तशीच ठेवावी. प्रत्येक विनंतीला नवे डिपेंडंट ऑब्जेक्ट मागितले आणि परत केले नाही, तर कंटेनर त्यांची नोंद धरून ठेवतो आणि काही दिवसांत सर्व्हरची मेमरी भरते. एकदाच मागावे, मॅपमध्ये ठेवावे आणि प्रोसेसर बंद होताना नष्ट करावे. एकाच अ‍ॅक्शन ऑब्जेक्टमध्ये रिक्वेस्ट स्कोपची, म्हणजे एका विनंतीपुरती जगणारी, सेवा इंजेक्ट केली (कंटेनरने आपोआप पुरवली) तर विनंत्यांची सरमिसळ होईल का, ही शंका रास्त आहे. तसे होत नाही, कारण नॉर्मल स्कोपच्या (रिक्वेस्ट, सेशन यांसारख्या) बीनऐवजी कंटेनर प्रॉक्सी (मध्यस्थ ऑब्जेक्ट) देतो आणि प्रॉक्सी दर वेळी चालू विनंतीचे खरे ऑब्जेक्ट शोधतो. त्यासाठी तो क्लास फायनल नसावा आणि त्याला पॅरामीटर नसलेला, प्रायव्हेट नसलेला कन्स्ट्रक्टर असावा, एवढेच.

वर सांगितलेल्या ‘मिळाले नाही तर जुन्या पद्धतीने’ या सोयीमुळे अ‍ॅक्शन्स एकेक करून हलवता येतात, पण हीच सोय चुका लपवते. समजा एका अ‍ॅक्शनमध्ये इंजेक्शनची फील्ड्स घातली, पण क्लासवर स्कोपचे अ‍ॅनोटेशन लावायचे राहिले. कंटेनर त्याला ओळखत नाही, जुनी पद्धत ऑब्जेक्ट तयार करते, फील्ड रिकामे राहते आणि पहिला ट्रेलर गेटवर आला की नल पॉइंटरचा अपवाद उभा राहतो. रिकाम्या बीन्स डॉट एक्सएमएल या सीडीआयच्या कॉन्फिगरेशन फाइलचा अर्थ सीडीआय ४.० मध्ये, म्हणजे जकार्ता ईई १० मध्ये, बदलला आहे हेही इथे लक्षात घ्यावे. पूर्वी रिकामी फाइल असली की सर्व क्लास बीन मानले जात. आता फक्त अ‍ॅनोटेशन असलेलेच मानले जातात. ईई ८ वर नीट चाललेले अ‍ॅप्लिकेशन १० वर निम्मे बीन हरवून बसते ते यामुळे. यावर उपाय म्हणून स्ट्रट्सचा एक छोटा प्लगइन लिहावा. तो सुरुवातीलाच सर्व अ‍ॅक्शन मॅपिंग्जवरून फिरेल आणि ज्या क्लासमध्ये इंजेक्शनची फील्ड्स आहेत तो प्रत्येक क्लास कंटेनरला ठाऊक आहे का ते तपासेल. नसेल तर अपवाद फेकून सर्व्हलेट सुरूच होऊ देणार नाही. डिप्लॉयमेंटच्या वेळी अडणे हे रात्रपाळीत गेटवर अडण्यापेक्षा केव्हाही परवडते.

एकाच दिशेच्या नियमाचा प्रत्यक्ष अर्थ असा की नव्या सेवांच्या मेथडमध्ये स्ट्रट्सचे अ‍ॅक्शनफॉर्म, अ‍ॅक्शनमॅपिंग किंवा एचटीटीपी रिक्वेस्ट यांपैकी काहीही पॅरामीटर म्हणून येता कामा नये. अ‍ॅक्शनने फॉर्ममधून कंटेनर क्रमांक, वाहन क्रमांक, चालकाचे नाव काढावे, साध्या जावा ऑब्जेक्टमध्ये भरावे आणि तेच सेवेला द्यावे. अ‍ॅक्शनफॉर्मनाच सीडीआय बीन करण्याचा मोह होतो, तो टाळावा. स्ट्रट्स त्यांना बीनयुटिल्स या लायब्ररीच्या साहाय्याने भरतो आणि रिक्वेस्ट किंवा सेशनमध्ये स्वतःच ठेवतो, तेव्हा त्या ऑब्जेक्टला दोन मालक होतात. लॉगिन केलेला वापरकर्ता मात्र नव्या सेवांना लागतोच आणि जुना कोड तो सेशनमध्ये ठराविक नावाने ठेवत असतो. त्यासाठी जोडणीच्या पॅकेजमध्येच एक प्रोड्यूसर मेथड लिहावी, जी सेशन वाचून रिक्वेस्ट स्कोपचा वापरकर्ता देईल. नॉर्मल स्कोपच्या प्रोड्यूसरला नल परत करण्याची मुभा नाही, म्हणून लॉगिनपूर्वीच्या विनंतीसाठी ‘अनामिक’ असे एक ऑब्जेक्ट असू द्यावे.

एवढे केले की स्क्रीन चालू लागतात आणि चमूला वाटते की काम झाले. सर्वांत अवघड भाग खरे तर इथून पुढे आहे आणि तो ट्रान्झॅक्शनचा, म्हणजे सगळे बदल एकत्र पक्के (कमिट) करण्याचा किंवा मागे घेण्याचा (रोलबॅक), आहे. जुन्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये बहुधा हायबरनेटचे सेशन थ्रेडलोकलमध्ये (प्रत्येक थ्रेडच्या स्वतंत्र जागेत) ठेवणारा एक मदतनीस क्लास असतो आणि डीएओ (डेटाबेस वाचणारे-लिहिणारे क्लास) स्वतःच कमिट करतात. नवी सेवा मात्र सर्व्हरच्या जेटीए (मानकातली ट्रान्झॅक्शनची एपीआय) ट्रान्झॅक्शनमध्ये चालते. एकाच विनंतीत जुन्या डीएओने गेट-पासच्या ओळीत बदल केला, कमिट व्हायचे आहे, आणि तेवढ्यात त्याच अ‍ॅक्शनने नव्या सेवेला हाक मारली व तिलाही तीच ओळ बदलायची आहे, असे समजा. आता डेटाबेसच्या दृष्टीने हे दोन वेगळे ट्रान्झॅक्शन आहेत. दुसरे पहिल्याच्या लॉकसाठी थांबते आणि पहिले दुसऱ्याची मेथड परतण्याची वाट पाहते. डेटाबेसला यातली पहिलीच प्रतीक्षा दिसते, दुसरी जावाच्या थ्रेडमध्ये असते, त्यामुळे डेडलॉक ओळखण्याची त्याची यंत्रणा इथे निरुपयोगी ठरते आणि स्क्रीन टाइमआउट होईपर्यंत लटकतो. चाचणीत हे सहसा सापडत नाही, कारण चाचणीत एका वेळी एकाच बाजूचा कोड तपासला जातो.

माझा नियम असा आहे की एका विनंतीत ट्रान्झॅक्शनचा मालक एकच असावा आणि तो सर्व्हर असावा. त्या मदतनीस क्लासची बाहेरची मेथड तशीच ठेवून आतून एंटिटीमॅनेजर (पर्सिस्टन्स मानकातले डेटाबेस हाताळणारे ऑब्जेक्ट) घ्यावा आणि त्यातूनच हायबरनेटचे सेशन उलगडून जुन्या डीएओना द्यावे; दोन्ही बाजू मग एकाच कनेक्शनवर येतात. डीएओमधले कमिट आणि रोलबॅक काढावे लागतात, आणि हे काम हाताने, एकेक फाइल वाचून करावे. इथे घाई करू नये, कारण काही ठिकाणी अर्धवट कमिट हेतुपूर्वक केलेले असते, उदाहरणार्थ नोंदवहीत प्रयत्नाची नोंद राहावी म्हणून. तिथे स्वतंत्र ट्रान्झॅक्शनची सेवा करावी लागते.

ट्रान्झॅक्शनचे अ‍ॅनोटेशन अ‍ॅक्शनवर लावू नये, सेवेवर लावावे. स्ट्रट्सच्या कोडची जुनी सवय अशी की अपवाद पकडायचा, एररचा संदेश भरायचा आणि वापरकर्त्याला पुन्हा त्याच फॉर्मवर पाठवायचे. अ‍ॅक्शनवर अ‍ॅनोटेशन असेल तर इंटरसेप्टरला (अ‍ॅनोटेशनमागे चालणाऱ्या कंटेनरच्या कोडला) अपवाद दिसतच नाही आणि अर्धे झालेले काम कमिट होते. शिवाय मानकाप्रमाणे चेक्ड अपवादावर (ज्याची हाताळणी वा घोषणा जावा सक्तीची करते) रोलबॅक आपोआप होत नाही, तो फक्त अनचेक्ड अपवादावर होतो. जुन्या कोडमधले स्वतःचे अपवाद बहुतेक चेक्ड असतात, तेव्हा कोणत्या अपवादावर रोलबॅक हवा हे अ‍ॅनोटेशनमध्ये स्पष्ट लिहावे. बिलिंगमध्ये हे विशेष जपावे. पावती क्रमांक वापरला गेला आणि पावतीच नाही, ही स्थिती लेखापरीक्षणात समजावून सांगता येत नाही.

रात्री ईडीआयचे (संगणकांमधील व्यावसायिक कागदपत्रांच्या देवाणघेवाणीचे) संदेश वाचणारी जी कामे स्वतःच्या थ्रेडवर चालतात, त्यांच्यासाठी रिक्वेस्ट स्कोप चालू नसतो. नवी सेवा तिथून बोलावली की कॉन्टेक्स्ट सक्रिय नसल्याचा अपवाद येतो. सीडीआय २.० पासून रिक्वेस्ट कॉन्टेक्स्ट चालू करणारे अ‍ॅनोटेशन मिळते, ते त्या मेथडवर लावावे, आणि थ्रेडही सर्व्हरच्या मॅनेज्ड एक्झिक्युटरकडून घ्यावेत.

मराठी मजकुराबद्दल वेगळे लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्याकडच्या अ‍ॅप्लिकेशन्समध्ये चालकाचे नाव, पत्ता, शेरा ही फील्ड्स देवनागरीत भरली जातात आणि परदेशी मार्गदर्शिकांत या प्रश्नाचा उल्लेखही नसतो. विनंतीचा एन्कोडिंग (अक्षरे बाइटमध्ये मांडण्याची पद्धत) कोणी सांगितला नसेल तर सर्व्हलेट कंटेनर तो आयएसओ-८८५९-१ मानत आला आहे, म्हणून जुन्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये यूटीएफ-८ नेमणारा एक फिल्टर असतो. हा फिल्टर कोणीही पॅरामीटर वाचण्यापूर्वी चालला तरच उपयोगी पडतो. विनंती जुन्या कोडकडे जावी की नव्या, हे ठरवणारा एखादा नवा फिल्टर तुम्ही लिहिला, तो त्याच्या आधी लागला आणि त्याने एकच पॅरामीटर वाचला, तरी पुढची सर्व नावे बिघडतात, आणि कोणताही अपवाद येत नाही. सर्व्हलेट ४.० पासून वेब डॉट एक्सएमएलमध्येच विनंतीचा एन्कोडिंग नेमता येतो. मधल्या मुक्कामावर तो लगेच नेमावा.

पण त्यापूर्वी डेटाबेस पाहावा. काही अ‍ॅप्लिकेशन्समध्ये वर्षानुवर्षे मजकूर चुकीच्या एन्कोडिंगने साठवला जातो आणि त्याच चुकीने परत वाचला जातो, त्यामुळे स्क्रीनवर तो बरोबर दिसत राहतो. वाचण्याची बाजू दुरुस्त केली की नव्या नोंदी शुद्ध आणि जुन्या नोंदी लॅटिन चिन्हांची रांग, असे चित्र होते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे बिघडलेला मजकूर मूळच्या तिप्पट लांब दिसतो आणि त्यावरून तो ओळखताही येतो. बाइटमध्ये मोजलेल्या ५० लांबीच्या कॉलममध्ये देवनागरीची जेमतेम १६ चिन्हे मावतात, आणि काना-मात्रा व जोडाक्षरातला हलन्तही त्यात मोजला जातो. जुन्या नोंदींची दुरुस्ती ही वेगळी मोहीम समजून, बॅकअप घेऊन, जोडणीच्या आधी पूर्ण करावी.

यानंतर नावांचा बदल. अपाचे टॉमकॅटचे स्थलांतर साधन किंवा इक्लिप्स ट्रान्सफॉर्मर तयार जार फाइलमधील (लायब्ररीच्या बांधलेल्या फाइलमधील) बाइटकोड बदलून देतात, त्यामुळे स्ट्रट्स १.३ ची जारही जकार्ता नावांवर चालवता येते. स्वतःच्या सोर्समध्ये मात्र ‘जावाएक्स’ दिसेल तिथे ‘जकार्ता’ असे सरसकट करू नये. एसक्यूएल, नेमिंग, क्रिप्टो ही जेडीकेची पॅकेजेस जुन्याच नावाने आहेत. ट्रान्झॅक्शनचे पॅकेज बदलले, पण त्याखालचे एक्सए हे उपपॅकेज जेडीकेत राहिल्याने बदलले नाही. कंपाइलर यातल्या चुका पकडतो. न पकडल्या जाणाऱ्या चुका स्ट्रिंगमध्ये असतात. एरर पानावर स्टेटस कोड किंवा मूळ यूआरआय ज्या अ‍ॅट्रिब्यूटच्या नावाने वाचला जातो ती नावेही बदलली आहेत, आणि जुन्या नावाने वाचले तर निमूटपणे नल मिळते. त्यामुळे जेएसपी फाइल्समध्ये शोध घ्यावा, आणि सर्व जेएसपी बिल्डमध्येच आधी कंपाइल कराव्यात. सर्व्हलेट ६.० मध्ये आधीच कालबाह्य ठरवलेल्या मेथड प्रत्यक्ष काढल्या आहेत, उदाहरणार्थ सेशनवरील ‘गेटव्हॅल्यू’ आणि ‘पुटव्हॅल्यू’. जुन्या लायब्ररीतही त्या शोधाव्यात. हायबरनेट ६ मध्ये जुनी क्रायटेरिया एपीआय उरलेली नाही, तेव्हा तिचा वापर मधल्या मुक्कामावर असतानाच संपवावा, कारण हे काम बहुधा अंदाजापेक्षा मोठे निघते.

नवे स्क्रीन कशात लिहावेत? स्ट्रट्सचे निर्माते क्रेग मॅक्लॅनहन यांनीच पुढे जेएसएफच्या (स्क्रीन लिहिण्याचे मानक, आजचे जकार्ता फेसेस) पहिल्या मानकाचे सहनेतृत्व केले, आणि त्या काळी स्ट्रट्सच्या पानांत फेसेसचे टॅग मिसळण्याची लायब्ररीही होती. आज तो मार्ग बंद आहे, कारण फेसेस ४.० मध्ये जेएसपीचा आधारच काढला आहे. नव्या स्क्रीनला नवे यूआरएल द्यावे, जुन्यांचा ‘.डू’ प्रत्यय तसाच राहू द्यावा, आणि दोन्ही एकाच वॉर फाइलमध्ये (वेब अ‍ॅप्लिकेशनच्या बांधलेल्या फाइलमध्ये) ठेवावेत. दोन वेगळ्या वॉर केल्या तर मानकाप्रमाणे सेशन वेगळे होते आणि वापरकर्त्याला दोनदा लॉगिन करावे लागते.

सुरक्षा तपासणीबाबत ग्राहकाशी स्पष्ट बोलावे. स्ट्रट्स १ चे आयुष्य २०१३ मध्ये संपल्याचे अपाचेने जाहीर केले आहे, आणि नवे मानक भोवती उभे केल्याने ते पुन्हा सुरू होत नाही. फॉर्ममधून क्लासलोडरपर्यंत पोहोचू देणारी २०१४ ची त्रुटी, सीव्हीई-२०१४-०११४, तुमच्या आवृत्तीतही आहे. कॉमन्स बीनयुटिल्स १.९.४ किंवा पुढची आवृत्ती ‘क्लास’ हा गुणधर्म मुळातच दडवते, ती आजच घ्यावी, आणि जोडीला अशा नावांचे पॅरामीटर नाकारणारा फिल्टर लावावा. तो पॅरामीटर वाचणार असल्याने एन्कोडिंगच्या फिल्टरनंतर ठेवावा. तपासणीच्या अहवालात जोडणी हा तात्पुरता उपाय म्हणून, जुन्या अ‍ॅक्शन्सच्या उरलेल्या संख्येसह नोंदवावा. वर सांगितलेल्या प्लगइनला ती संख्या लॉगमध्ये लिहायला सांगणे एका ओळीचे काम आहे.

स्क्रीन हलवण्याचा क्रम ठरवताना गेट-पासपासून सुरुवात करू नये आणि त्याला शेवटीही ठेवू नये. प्रथम केवळ वाचणारे अहवाल घ्यावेत, कारण तिथे ट्रान्झॅक्शनचा धोका नाही आणि इंजेक्शनची जोडणी तपासून होते. दुसरा क्रम मास्टर नोंदींचा, जिथे लिहिणे आहे पण गर्दी नाही. तिथे रोलबॅकची वागणूक खात्रीची झाली की गेट-पास घ्यावा, तेव्हा चमूला सराव झालेला असतो आणि उत्साहही शिल्लक असतो. बिलिंग त्यानंतर, आणि तेही महिनाअखेर टाळून.